ताणला न जाणारा फुगा

मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी सांगते, "आमच्या दादांची अँजिओप्लास्टी झाली. एक स्टेंट टाकला." दोन-तीन दिवसांत दादा घरी येतात आणि काही दिवसांनी सकाळी फिरायलाही लागतात. छातीवर टाके नसतात. मनगटावर किंवा जांघेत सुई टोचल्याची खूण असते, एवढेच. डॉक्टरांनी नेमके काय केले असे विचारले तर उत्तर ठरलेले असते : "नळी घातली आणि आत फुगा फुगवला."

आपण वर्गातही हेच सांगतो. पण एका शाळेत नववीतल्या एका मुलीने आम्हाला विचारले, "फुगा तर फुगतच जातो. मग रक्तवाहिनी फाटत कशी नाही?" नेमका हाच प्रश्न १९७० नंतरच्या काही वर्षांत झुरिकमधील एका तरुण डॉक्टरांपुढे होता. त्यांचे नाव आंद्रेआस ग्रुंट्झिग. त्यांनी या प्रश्नाचे उत्तर कसे शोधले ते या लेखात पाहू. उत्तर सापडल्यावर ते माणसाच्या हृदयात वापरण्यापूर्वी त्यांनी काय काय केले तेही पाहू. आमच्या मते ही दुसरी गोष्ट पहिलीइतकीच महत्त्वाची आहे.

अडथळा आणि चौथा घात

हृदय साऱ्या शरीराला रक्त पुरवते. पण त्याच्या कप्प्यांतून वाहणाऱ्या रक्तावर हृदयाच्या जाड स्नायूचे भागत नाही. त्या स्नायूसाठी महारोहिणीच्या मुळाशी दोन वेगळ्या रोहिण्या फुटतात. त्यांना कॉरोनरी रोहिण्या म्हणतात. त्यांच्या मुख्य शाखांचा आतील व्यास साधारण तीन-चार मिलिमीटर, म्हणजे बॉलपेनमधल्या कांडीएवढा असतो. या रोहिणीच्या भिंतीत मेद, तंतू आणि कॅल्शियमचे क्षार साठून जे किटण तयार होते, त्याने वाट अरुंद होत जाते.

वाट अरुंद झाली की प्रवाह किती घटतो? नळीच्या दोन टोकांमधील दाबाचा फरक तोच राहिला, तर संथपणे वाहणाऱ्या द्रवाचा प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असतो. हा प्वाझीचा नियम. त्रिज्या निम्मी केली तर प्रवाह निम्मा होत नाही, एक-सोळांश होतो. शरीरात गणित इतके सरळ नसते. अडथळा छोट्याशा भागातच असतो आणि त्याच्या पुढच्या सूक्ष्म वाहिन्या रुंदावून तूट भरून काढतात. म्हणूनच बराच अडथळा असलेला माणूसही बसल्या जागी ठीक असतो. जिना चढताना हृदयाला जास्त रक्त लागते, ते मिळत नाही आणि छातीत कळ येते.

या चौथ्या घाताची चांगली बाजूही आहे. वाट थोडी जरी रुंद करता आली तरी लाभ मोठा होतो. प्रश्न होता तो रुंद कशी करायची हा. १९६७ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलँड येथे रेने फावालोरो यांनी पायातील नीला काढून अडथळ्याला वळसा घालण्याची शस्त्रक्रिया रूढ करायला सुरुवात केली. तिलाच आपण बायपास म्हणतो. ती परिणामकारक होती, पण छाती उघडावी लागे. औषधे किंवा छातीवर सुरी, या दोहोंमध्ये तिसरा पर्याय नव्हता.

वाट आधी कुणी दाखवली

हृदयापर्यंत बाहेरून नळी नेता येते हे तोवर ठाऊक झाले होते. १९२९ मध्ये बर्लिनजवळच्या एबर्सवाल्ड येथे वेर्नर फोर्समान या पंचविशीतल्या डॉक्टरांनी स्वतःच्याच दंडातील नीलेतून मूत्रमार्गासाठी वापरली जाणारी लवचीक नळी आत सरकवली. ती हृदयात पोचल्याचे त्यांनी क्ष-किरणांच्या चित्राने सिद्ध केले. पुढे आंद्रे कूर्नां व डिकिन्सन रिचर्ड्‌स यांनी या युक्तीला शास्त्रशुद्ध तपासणीचे रूप दिले. १९५६ चे नोबेल पारितोषिक या तिघांना मिळाले. १९५८ मध्ये क्लीव्हलँडमध्ये मेसन सोन्स तपासणी करत असताना, क्ष-किरणांत दिसणारे द्रव्य नळीतून अनपेक्षितपणे थेट कॉरोनरी रोहिणीत गेले. रुग्ण बचावला आणि या रोहिण्यांचे चित्र घेण्याची पद्धत, म्हणजे आजची कॉरोनरी अँजिओग्राफी, त्यातून विकसित झाली.

नळीने पाहता येते, तर दुरुस्तीही का करू नये? हे धाडस १९६४ मध्ये अमेरिकेतील पोर्टलंड येथे चार्ल्‌स डॉटर यांनी केले. एका ८२ वर्षांच्या बाईंचा पाय रक्त न पोचल्यामुळे कापावा लागणार होता. डॉटर यांनी त्यांच्या मांडीतील अरुंद रोहिणीतून आधी बारीक तार, मग तिच्यावरून एक नळी, मग त्या नळीवरून तिच्याहून जाड नळी अशा एकावर एक सरकवल्या. वाट मोकळी झाली आणि पाय वाचला.

या पद्धतीला मर्यादा होत्या. अडथळा जितका रुंद करायचा तितकी जाड नळी बाहेरून आत घालावी लागे, म्हणजे त्वचेजवळचे भोकही तितकेच मोठे पडे. शिवाय नळी अडथळ्यातून पुढे ढकलली जाई. त्यामुळे किटणाचे तुकडे सुटून पुढे जाण्याचा धोका होता. मांडीत हे एक वेळ चालेल. हृदयाच्या नाजूक, वळणदार रोहिणीत ते चालणार नव्हते. तेथे आत जाताना बारीक असेल, नेमक्या जागी पोचल्यावर जाड होईल आणि पुढे न ढकलता फक्त बाजूंना दाब देईल असे साधन हवे होते. म्हणजेच फुगा हवा होता.

फुगा लावलेली नळीही नवी नव्हती. १९६३ मध्ये थॉमस फोगार्टी यांनी टोकाला मऊ रबरी फुगा असलेली नळी प्रसिद्ध केली होती. ती रक्ताच्या गुठळीपलीकडे न्यायची, फुगा फुगवायचा आणि गुठळी ओढून बाहेर काढायची. मग ग्रुंट्झिग यांनी तोच फुगा का वापरला नाही?

दोन फुग्यांचा प्रयोग

उत्तर समजण्यासाठी वर्गात एक प्रयोग करता येईल. त्यासाठी एक लांबट रबरी फुगा, दुधाची स्वच्छ धुतलेली रिकामी पिशवी, जाड पुठ्ठ्याची एक अरुंद कडी आणि एक शब्दकोश एवढे साहित्य पुरे.

रबरी फुगा कडीतून ओवून कडी त्याच्या मध्यावर आणा आणि फुगवा. कडीच्या दोन्ही बाजूंना फुगा फुगतो; कडीत मात्र तो कडीएवढाच राहतो. फुग्याचा आकार डमरूसारखा होतो. आणखी हवा भरली तर दोन्ही बाजूंचे गोळे मोठे होतात, कडी जशीच्या तशी. पास्कलच्या नियमाप्रमाणे आतला दाब सगळीकडे सारखाच असतो, तरीही असे होते. रबर जेथे अडवले जात नाही तेथे ताणले जाते, भरलेली हवा तेथेच जागा करून घेते आणि कडीवरचा दाब फारसा वाढतच नाही.

आता कडीच्या जागी किटण आणि गोळ्यांच्या जागी रोहिणीचा निरोगी भाग कल्पा. रबरी फुगा किटणाला हात लावणार नाही, शेजारची चांगली भिंत मात्र ताणून फाडील. त्या मुलीची शंका अगदी बरोबर होती.

मग दुधाच्या पिशवीचे तोंड हाताने आवळून, तिच्यावर शब्दकोश ठेवून ती फुंकून फुगवा. पिशवी ठरावीक आकारापर्यंत भरते आणि तेथेच थांबते. आणखी फुंकले तरी ती मोठी होत नाही, टणक होते, आणि शब्दकोश उचलला जातो. वाढलेल्या दाबाने तिचे आकारमान वाढत नाही. तो दाब पिशवीच्या वाटेत जे येईल त्याला ढकलण्याच्या कामी येतो.

सायकल असलेल्या मुलाला हे दुसऱ्या तऱ्हेने सांगता येईल. चाकाबाहेर काढलेल्या ट्यूबमध्ये हवा भरत गेलो तर ती एखाद्या जागी टेंगळासारखी फुगते. तीच ट्यूब टायरमध्ये घातली की टायरच्या मापापुढे जात नाही आणि माणसाचे वजन पेलते.

ग्रुंट्झिग यांना हवा होता तो टायरसारखा वागणारा फुगा.

स्वयंपाकघरातली कार्यशाळा

ग्रुंट्झिग यांचा जन्म १९३९ चा, जर्मनीतील ड्रेस्डेनचा. हायडेलबर्ग येथे वैद्यकाचे शिक्षण झाल्यावर १९६९ मध्ये ते झुरिकच्या विद्यापीठ रुग्णालयात आले. डॉटर यांची पद्धत ते जर्मनीत शिकले आणि पायाच्या रोहिण्यांवर वापरू लागले. तिच्या मर्यादाही त्यांना तेथेच जाणवल्या.

त्यांच्याकडे सुसज्ज प्रयोगशाळा नव्हती. घरातल्या स्वयंपाकघराच्या टेबलावर, पत्नी, रुग्णालयातील सहायक मारिया श्लुंप्फ आणि त्यांचे पती यांच्या मदतीने संध्याकाळी हे काम चाले. आधी त्यांनी फुग्यावर बारीक जाळीचे वेष्टण चढवून पाहिले. ट्यूबवर टायर चढवण्याचाच हा विचार होता. पण एवढ्या वेष्टणाने नळी जाड होई. मग झुरिकमधील निवृत्त रसायनशास्त्रज्ञ हाइनरिख होप्फ यांच्याशी बोलताना पीव्हीसी या प्लॅस्टिकचा मार्ग दिसला. आपल्याकडे पाण्याच्या नळांसाठी वापरतात त्याच जातीचे हे बहुवारिक, फक्त लवचीक केलेले. पीव्हीसीची बारीक नळी ठरावीक भागात तापवून मऊ करायची आणि साच्यात हवेच्या दाबाने फुगवून थंड करायची, म्हणजे तेथे पातळ भिंतीचा, लांबट, ठरलेल्या व्यासाचा फुगा तयार होतो. रिकामा असताना तो नळीला चिकटून बसतो. फुगवल्यावर साच्याच्या मापापर्यंत येतो आणि कित्येक वातावरण दाब सोसूनही त्यापुढे जवळजवळ जात नाही. आता ट्यूबच स्वतःचा टायर झाली होती.

१९७४ मध्ये पायाच्या रोहिणीवर हा फुगा वापरला गेला. पुढची सुधारणा दुहेरी नळीची. एकाच नळीत दोन पोकळ्या ठेवल्या. एकीतून फुगा भरायचा. दुसरी टोकापर्यंत उघडी. तिच्यातून क्ष-किरणांत दिसणारे द्रव्य सोडता येई आणि अडथळ्यापलीकडचा रक्तदाबही मोजता येई. ही गोष्ट बाहेरून किरकोळ वाटेल. पण तिच्यामुळे दुरुस्तीचे हत्यार हेच मोजमापाचे उपकरणही झाले. अडथळ्याच्या अलीकडे दाब जास्त आणि पलीकडे कमी असतो. हा फरक जितका मोठा तितका अडथळा गंभीर. फुगवण्यापूर्वीचा फरक आणि नंतरचा फरक असे दोन आकडे हाती आल्यावर 'बरे वाटते का' या प्रश्नावर विसंबून राहावे लागत नाही.

पायापासून हृदयापर्यंत

साधन हाती आल्याबरोबर ग्रुंट्झिग माणसाच्या हृदयाकडे वळले नाहीत. आधी पायाच्या रोहिण्या. तेथे काही बिघडले तर सावरायला वेळ मिळतो. मग १९७५ मध्ये कुत्र्यांच्या कॉरोनरी रोहिण्या दोऱ्याने मुद्दाम अरुंद करून त्यांवर प्रयोग. १९७६ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या परिषदेत भित्तिपत्रकावर मांडले, तेव्हा बहुतेकांनी शंकाच व्यक्त केली. त्यानंतर मे १९७७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत रिचर्ड मायलर यांच्यासह, बायपाससाठी छाती आधीच उघडलेल्या रुग्णांच्या रोहिणीत फुगा फुगवून पाहिला. किटणाचे तुकडे सुटून पुढे जातात का, हे तेथे तपासता आले.

यानंतर १६ सप्टेंबर १९७७ चा दिवस आला. झुरिकच्या रुग्णालयात चाळिशीच्या आतला एक रुग्ण होता. डाव्या कॉरोनरी रोहिणीच्या मुख्य शाखेत एकच, आखूड अडथळा. बायपास करणारे पथक शेजारी सज्ज होते. जांघेत स्थानिक भूल देऊन नळी आत नेली. रुग्ण जागा होता. फुगा दोनदा फुगवल्यावर अडथळ्यापलीकडचा दाब वाढून अलीकडच्या दाबाजवळ आला. शस्त्रक्रियेची गरज पडली नाही. दहा वर्षांनी आणि पुढे २००० सालीही तपासणीत त्यांची ती रोहिणी उघडीच आढळली.

अपयशाचे आकडे

एका रुग्णाच्या यशाने पद्धत सिद्ध होत नाही. १९७९ मध्ये ग्रुंट्झिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्या ५० रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यातले आकडे वर्गात फळ्यावर लिहावेत असे आहेत. ५० पैकी ३२ जणांत पद्धत यशस्वी झाली. त्या रुग्णांत अडथळा सरासरी ८४ टक्क्यांवरून ३४ टक्क्यांवर आला आणि दाबातील फरक ५८ वरून १९ मिलिमीटर पाऱ्याएवढा झाला. ५ जणांची प्रकृती एकाएकी बिघडल्यामुळे त्यांची तातडीने बायपास करावी लागली.

म्हणजे ५० पैकी १८ जणांत अपेक्षित यश आले नव्हते. हे त्यांनी लपवले नाही. १९७८ पासून ते झुरिकमध्ये डॉक्टरांसाठी वर्ग घेऊ लागले. शेजारच्या दालनात बसलेले शिकाऊ डॉक्टर चालू उपचार टीव्हीच्या पडद्यावर पाहत आणि प्रश्न विचारत. उपचार बिनसला तर तेही सर्वांसमोर बिनसे. १९७९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने अशा सर्व रुग्णांची एकत्र नोंदवही सुरू केली. १९८० मध्ये ग्रुंट्झिग अमेरिकेतील अटलांटा येथील एमरी विद्यापीठात गेले. भारतात ही पद्धत रुजवणारे डॉ. मॅथ्यू सॅम्युअल कलरिक्कल हे तेथेच त्यांच्याकडे शिकले. २७ ऑक्टोबर १९८५ रोजी विमान अपघातात ग्रुंट्झिग यांचा मृत्यू झाला. ते ४६ वर्षांचे होते.

स्पष्टीकरण चुकले, साधन टिकले

एक गोष्ट विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावी. फुगा काम कसा करतो याचे डॉटर आणि ग्रुंट्झिग यांचे सुरुवातीचे स्पष्टीकरण बरोबर नव्हते. किटण मऊ असते, ते बर्फातल्या पावलाच्या ठशासारखे भिंतीत दाबले जाते, असा त्यांचा समज होता. पुढे प्राण्यांच्या आणि मृत रुग्णांच्या रोहिण्या सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यावर वेगळेच दिसले. किटण फारसे दबत नाही. ते तडकते, आणि रोहिणीची भिंत बाहेरच्या बाजूला ताणली जाते. म्हणजे थोडे फाटणे होतेच. फुग्याचे माप ठरलेले असल्यामुळे ते मर्यादेत राहते, इतकेच. नववीतल्या त्या मुलीला आम्ही पहिल्यांदा दिलेले उत्तर अपुरे होते, हे आम्हालाही पुढे वाचताना कळले.

या स्पष्टीकरणामुळे दोन अडचणींचा उलगडा झाला. तडकलेल्या किटणाचा पापुद्रा आत लोंबून रोहिणी कधी काही मिनिटांत बंद पडे. आणि जखम भरून येताना भिंत आवळून व पेशींची वाढ होऊन, सुमारे एक-तृतीयांश रुग्णांत काही महिन्यांत वाट पुन्हा अरुंद होई. यावर उपाय म्हणजे भिंतीला आतून टेकू देणे. १९८६ मध्ये फ्रान्समध्ये झाक प्युएल आणि स्वित्झर्लंडमध्ये उलरिख सिगवार्ट यांनी माणसाच्या कॉरोनरी रोहिणीत धातूच्या जाळीची नळी, म्हणजेच स्टेंट, बसवली. पुढे पेशींची वाढ रोखणारे औषध हळूहळू सोडणारे स्टेंट आले. पण आजही बहुतेक स्टेंट जागेवर फुलवले जातात ते ताणला न जाणाऱ्या फुग्यानेच.

मोजमापाची ती सवय आजही उपयोगी पडते. हृदयविकाराचा झटका चालू असताना रोहिणी तातडीने उघडली तर जीव वाचतो, हे निर्विवाद आहे. पण केवळ श्रम केल्यावर कळ येणाऱ्या, स्थिर प्रकृतीच्या रुग्णांचे काय? २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २,२८७ रुग्णांच्या चाचणीत असे दिसले, की अशा रुग्णांना उत्तम औषधोपचाराच्या जोडीला अँजिओप्लास्टी केल्याने मृत्यू किंवा झटक्याचे प्रमाण कमी झाले नाही. कळ मात्र काही काळ कमी झाली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ५,१७९ रुग्णांच्या आणखी मोठ्या चाचणीचा कलही साधारण तसाच होता. कोणत्या रुग्णाला काय योग्य हे त्याचे डॉक्टरच ठरवतील. पण 'अडथळा दिसला की फुगा' असे सरसकट समीकरण नाही, हे शिक्षकांना माहीत असावे.

वर्गासाठी तीन प्रश्न

१. फुग्यात हवा भरत नाहीत. सलाईन आणि क्ष-किरणांत दिसणारे द्रव्य यांचे मिश्रण भरतात. का? (फुगा चुकून फुटला तर काय होईल आणि फुगलेला फुगा पडद्यावर दिसेल कसा, या दोन्ही बाजूंनी विचार करा.)

२. फुगा फुगवलेला असताना रोहिणी पूर्ण बंद असते. तो किती वेळ फुगवून ठेवावा हे कशावर अवलंबून असेल?

३. त्रिज्या मूळच्या निम्मी उरलेली रोहिणी तीन-चतुर्थांशापर्यंत मोकळी केली, तर प्वाझीच्या नियमाने प्रवाह किती पट होईल? (उत्तर : सुमारे ५ पट.)

प्रयोगासाठी दुधाची पिशवी धुऊन, पूर्ण वाळवून घ्या. आणि रबरी फुगा आधी फुगवा, पिशवी नंतर. ग्रुंट्झिग यांनाही याच क्रमाने जावे लागले होते.